डाव्या बाजूची अक्काताई

पाठीमागून कुणीतरी चालत आलं म्हणून सुविधाने वळून पाहिलं. लॅब रिकामी होती. ओळीने मांडलेले संगणक, आत सरकवलेल्या खुर्च्या आणि फरशीवर पडलेलं चार वाजताचं ऊन. तिने पुन्हा पडद्याकडे तोंड केलं, तशी पावलं तिच्या उजव्या खांद्यामागून निघाली आणि सावकाश डावीकडे गेली. लांब कुठेतरी दार लागलं.

तिने हेडफोन काढले. पावलं थांबली.

"घाबरलात की काय मॅडम?" दारात उभे असलेले निशांत सर हसत होते. संगणकशास्त्र शिकवायचे ते.

"व्हय की! कोण आलं म्हटलं. सर, हा हेडफोन तर साधाच आहे. परवाच मी कपाटातनं काढून दिलेला."

"साधाच आहे. करामत कम्प्युटरची." सरांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या खुणेवर उजवं क्लिक करून दाखवलं. "हे इथे स्पेशियल साउंड. सुरू केलं की झालं. उजवीकडचा आवाज आपल्या उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा आणि जरा बारीक. त्या फरकावरून आपण दिशा ओळखतो. कम्प्युटर तेवढा फरक मुद्दाम करून देतो. बाकीचं आपलं डोकंच करतं."

सुविधाने मान डोलावली. बेळगावच्या त्या कॉलेजात ती बावीस वर्षं लॅब असिस्टंट होती. वायरी जोडायच्या, बंद पडलेले माउस बदलायचे, सुट्टीआधी संगणकांवर कापड घालायचं. तिला कुणी काही विचारलंच तर 'मॅडम, नेट का चालत नाही' एवढंच. पण त्या दिवशी ती टिळकवाडीपर्यंत चालत गेली आणि वाटभर तिला आपल्या मागचे, बाजूचे, लांबचे आवाज वेगवेगळे ऐकू येत राहिले. रिक्षाचा हॉर्न, भाजीवालीची हाक, कुणाच्या तरी गच्चीवर झटकलेली चादर. ती जणू आवाजांच्या मधोमध तरंगत घरी पोचली.

घरी आई होती. तानीबाई. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्याला तीन वर्षं झाली होती. निपाणीचं घर सोडून ती लेकीकडे आली, आणि तेव्हापासून खिडकीजवळच्या कॉटवर बसून असायची. तिची तक्रार एकच.

"हितं मानसंच न्हाईत गं. समदा आवाज त्या टीव्हीतनं येतोय. वखारीत कशी, चाळीस बायका गोल करून बसायचो. मी त्यांच्यात. ह्या अंगानं हसू, त्या अंगानं भांडान."

तंबाखूच्या वखारीत तानीबाईने सव्वीस वर्षं तंबाखू चाळली. त्यावरच सुविधा शिकली, पदवीधर झाली. नवऱ्याचं नाव तानीबाई घेत नसे आणि सुविधाही विचारत नसे.

पुढच्या रविवारी सुविधा आईला शेजारच्या विद्युल्लता काकूंच्या हवाली करून निपाणीच्या बसमध्ये बसली. कॉलेजच्या कामाचं नाव सांगितलं. संकेश्वर मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस डोलायला लागला, आणि आपण काय करायला निघालो आहोत याचं तिला जरा हसू आलं.

वखारीच्या जागी आता मंगल कार्यालय होतं, वर कानडीत आणि मराठीत पाटी. चाळीस बायकांपैकी गावात सहा उरल्या होत्या. जयाबाईने तिला दारातच ओळखलं.

"जयभीम, ये गं बाई. तानीची न्हवं तू? नाक सांगतंय."

सुविधाने मोबाइल पुढे धरला. "मावशी, आई समोर बसलीया असं समजून बोला."

"आन् ती आयकनार?"

"ऐकणार."

जयाबाई जी सुटली ती अर्धा तास थांबली नाही. मग रव्याची चाळणी आणून तिने अंगणातला वाळला पाला चाळून दाखवला. "आसाच आवाज. फकस्त खोकला घाल त्यात, मंजे झालं."

त्या सहांतलीच अक्काताई खाटेवर होती. तिला ऐकू येत नव्हतं; सुविधाला तिच्या कानाशी वाकून ओरडावं लागलं. पण तानीचं नाव कळताच ती हसली आणि बारीक आवाजात, दम घेत घेत बोलायला लागली. तानी आली न्हाय, तानी इसरली, तानीनं माझी चाळणी नेली ती दिलीच न्हाय. मधेच लाडाने शिवी. सुविधा खाटेच्या पायथ्याशी मोबाइल धरून बसली. तिचा हात अवघडला, पण तिने तो हलवला नाही.

असे पाच रविवार गेले. कॉलेज सुटल्यावर ती लॅबमध्ये बसे. एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या मधोमध एक डोकं होतं आणि त्याच्याभोवती वर्तुळ. आवाज माउसने ओढून त्या वर्तुळावर हवा तिथे ठेवायचा. वखारीत कोण कुठे बसायचं ते आईकडून बोलता बोलता काढून घेतलं होतं, तसं सुविधा एकेकीला बसवत गेली. जयाबाई उजवीकडे. समोर दोघी. अक्काताई डाव्या हाताला, अगदी लगत. मग सगळीकडून चाळण्या. हेडफोन घालून डोळे मिटले की तिच्याभोवती वखार उभी राहायची, आणि इतक्या बायकांमध्ये बसलेली ती एकटी, तिला घरी जावंसं वाटायचं नाही.

सहाव्या आठवड्यात जयाबाईचा फोन आला. अक्काताई गेली होती.

सुविधाने आईला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत रविवार उजाडला. दुपारी जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप कॉटवर ठेवला आणि आईच्या कानांवर हेडफोन बसवले.

"काय गं ह्ये?"

"ऐक तर."

तानीबाई ऐकू लागली. आधी तिचे हात हलले. मांडीवर काही धरल्यासारखे दोन्ही हात पुढेमागे होऊ लागले. मग ती हसली. "जयी! अजून तशीच वराडतीया बग." समोरच्या दोघींना तिने नावाने हाक मारली. सुविधा बघत राहिली. आईच्या तोंडावर असा उजेड तिने कधी पाहिला नव्हता.

मग तानीबाईचे हात थांबले.

"अक्काताई न्हाय आली व्हय?"

आईला कुणी सांगितलं? "आहे की. तुझ्या डाव्या हाताला. नीट ऐक."

"न्हाय बाई. नुसत्या चाळन्या."

सुविधाने हेडफोन काढून स्वतःच्या कानांना लावले. अक्काताई डावीकडून स्पष्ट बोलत होती. तिने ते उलटे करून आईला घातले, डावा भाग उजव्या कानावर. तानीबाईचा चेहरा एकदम फुलला. "आली! आली की गं!" आणि क्षणात विरला. "पर आता जयी कुटं गेली?"

सुविधा हळूच कॉटवर बसली. डाव्या बाजूचं सगळं त्या एका कानात होतं. दुसऱ्यात त्याची पुसट सावली तेवढी उतरत होती.

"आई, तुला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय?"

तानीबाईने पदर सारखा केला. "लई वर्सं झाली त्याला."

"किती वर्षं?"

"तू साळंत बी जात नव्हतीस तवा. तंबाखू कुटायची मशीन हुती न्हवं डावीकडं, भितीला. धाड धाड दिसभर. ती जागा कुनाला नको आसायची."

"मग तू का बसलीस तिथं?"

"तितनं दार दिसायचं. दाराभाईर लिंबाच्या झाडाला तुजा पाळना." तिने सहज सांगितलं, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं. "म्या तितं बसती म्हनून अक्काताई बी तितंच येऊन बसली. माज्या आन् मशीनच्या मदी. तिचं तर दोन्ही कान गेलं. मशीन न्हाय घातलीस न्हवं ह्यात?"

"न्हाय."

"बरं केलंस."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

"आई, अक्काताई गेली. गेल्या मंगळवारी. मी सांगितलं न्हाय तुला."

तानीबाईच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. ती म्हणाली, "मरताना कुनी हुतं जवळ?"

"जयामावशी होती."

"मग ठीक." तिने कानांवरचे हेडफोन चाचपले. "आन् ह्यात बोललीया ती?"

"लई बोललीया. तुलाच शिव्या."

"लाव मग."

"एकाच कानात करून देऊ सगळ्यांना? जमतंय ते."

"नगं. ज्याची त्याची जागा ऱ्हाऊ दे."

सुविधा आईच्या डाव्या अंगाला सरकली. हेडफोनची पट्टी तिने दोघींच्या डोक्यांमागून ताणली, उजवा भाग आईच्या उजव्या कानाला धरला, डावा आपल्या डाव्या कानाला. दोघींची डोकी एकमेकींना टेकली. आईच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. सुविधाने डोळे मिटले आणि बटण दाबलं. चाळण्या हलू लागल्या. आईच्या बाजूला जयाबाई हसत असावी, कारण आई हसली.

"अक्काताई काय म्हनती गं?"

सुविधा ऐकत राहिली. बारीक आवाज, मधे दम, पुन्हा आवाज.

"म्हणती, तानी, जरा सरक तिकडं. मला बसू दे."

तानीबाईने साडी आवरली, आणि कॉटवर थोडी सरकून बसली.