तांबूचा बिल्ला

त्या वर्षी कैनाड गावात पिसाळलेलं कुत्रं चावून एक बाई मेली आणि तालुक्यातल्या सगळ्या कुत्र्यांवर संक्रांत आली. गळ्यात पितळी बिल्ला नसलेलं कुत्रं दिसेल तिथे मारणार, अशी दवंडी आमच्या आगर गावात पिटली. बिल्ला मिळणार कुठे, तर थेट बोर्डीला. तिथल्या एका शेठच्या चिकूवाडीत दरवर्षी कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं. यंदा तिथेच सरकारी साहेब दात बघणार, अंगावरून हात फिरवणार. कुत्रं गप बसलं तर त्याला बिल्ला, मग ते बंगल्यातलं असो की झोपडीतलं.

आमची तांबू झोपडीतली. बोंबील वाळत घातले की काठ्यांखाली बसून राहायची. कावळ्याची टाप नव्हती खाली उतरायची, आणि स्वतः मेली एका बोंबलाला तोंड लावायची नाही. माझ्या सासूचे, चंद्राआयेचे, डोळे तेव्हा पुरते गेले होते. तांबूच्या पाठीवर हात ठेवून ती किनाऱ्यावर जायची, यायची. मला हाक मारायची ती शिवी घालून आणि कुत्रीला ‘माझी बाय’ म्हणून. राग यायचा मला. पण तांबू गेली तर म्हातारी अंथरूण धरेल, हेही कळत होतं. नवरा, नारू, होडीवर गेलेला. म्हटलं, मीच नेते.

पहाटे निघायच्या वेळी सासूने डबा मागितला. मुशी माशाच्या काळजाचं तेल. होडी पाण्यात लोटायच्या आधी लाकडाला चोपडतो, तेच.

“आये, कुत्रीला कशाला?”

“नवरी काय कोरड्या अंगानं मांडवात जाते? साहेब हात फिरवनार हाय ना? मग चमकू दे माझे बायला.”

शेपटीच्या टोकापर्यंत चोळलं तिने. तांबू खरंच नव्या होडीसारखी चमकायला लागली. मलाही कौतुक वाटलं. वासाचं म्हणाल, तर आमच्या घरात कोणाला तो यायचा? जन्मच त्यात गेलेला.

बसवाला कुत्रीला घेईना, म्हणून ओहोटीच्या वाळूतून चालत गेलो. नरपड, चिखले, घोलवड. ऊन चढत गेलं तसं तेल तापत गेलं, हे आता कळतं. वाडीच्या फाटकाशी बायकांनी पदर नाकाला लावले, तेव्हा मला वाटलं, कोळणीला बघून लावतात. सवयीचंच होतं ते. मी मान ताठ ठेवून रांगेत उभी राहिले.

काय एकेक कुत्री होती! एकाला तर उशी होती बसायला. आमचा नंबर आला. मी म्हटलं, “बस.” तांबू बसली. साहेबाने नाकावर रुमाल धरला, लोक खो खो हसले, पण त्याने दात बघितले. पाठीवर हात फिरवला आणि तेलकट हात शेजारच्या नोकराच्या सदऱ्याला पुसला. मग टेबलाकडे वळून म्हणाला, “चांगली शांत आहे. द्या हिला.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आटपलं, जिंकले.

तेवढ्यात शेठचा मोठा, लांडग्यासारखा कुत्रा साखळी तोडून आला. आम्ही आल्यापासून तो वास हुंगत वेडा झाला होता. पाठोपाठ आणखी दोन. तांबूच्या अंगावर तुटून पडले, चाटत, चावत. ती तरी बसूनच! मी ओरडले, “ऊठ, तांबू, ऊठ!” मग ती उठली आणि तिने त्या मोठ्याचा कान धरला. रक्ताची चिळकांडी उडाली. कोणीतरी किंचाळलं, “पिसाळली!”

कैनाडची बाई सगळ्यांच्या मनात ताजी होती. माणसं खुर्च्या टाकून पळाली. मी सांगत होते, “नाय हो, माझी कुत्री शहाणी हाय, साहेबांनी आताच बघितलीय!” साहेब टेबलावर चढून उभा होता, त्याने तोंड फिरवलं. वाडीच्या राखणदाराने बंदूक आणली. चिकूच्या झाडाखालीच मारली तिला. पुरायलाही मला दिली नाही, म्हणे रोग पसरेल. शेठचा कुत्रा मात्र गाडीत घालून डॉक्टरकडे नेला.

तशीच वाळूतून चालत परत आले. दारात सासू बसलेली.

“आली गं? नि माझी बाय कुठंय?”

वाटेत मनाशी सगळं जुळवलं होतं, खरं तेच सांगायचं. पण तिने हात पुढे केला होता. कुत्रीच्या पाठीच्या उंचीवर.

“पयला नंबर आला आये,” मी म्हटलं. “शेठला इतकी आवडली, त्यांनी ठेवूनच घेतली. उशी दिलीय बसायला.”

तिने तो हात मागे घेतला. मग हसली. “बगलं? तेल लावलं म्हनून.”

सगळ्या आगरात सांगितलं तिने. खरी गोष्ट चार दिवसांत बाजारातून आलीच होती. आमचं गाव म्हणजे, इथे शिंकलं तर तिथे ऐकू जातं. पण कोणी तिला बोललं नाही. जिभेला हाड नसलेली शेजारची धोंडीसुद्धा म्हणाली, “नशीबवान गं तुझी तांबू.”

त्यानंतर मी बोर्डीला मासळी विकायला निघाले की म्हातारी तांदळाची भाकरी बांधून द्यायची. “बायला दे. बंगल्यातलं खानं तिला पचत नसंल.” म्हातारी असेपर्यंत मी ती भाकरी नेत राहिले. टाकून द्यायला जीव होईना. चिखल्याच्या पुढे टोपली उतरवून बसायची आणि मीच खायची.