तेहतीस अनारसे आणि एक लॅपटॉप

अनुजाचं लग्न फेब्रुवारीत झालं, पण तिच्या आईनं ते मानलं नाही. शार्दूल कॅनडाहून अकरा दिवसांच्या रजेवर आला, नोंदणी कार्यालयात दोघांनी सह्या ठोकल्या आणि तो परत गेला. राजारामपुरीतल्या व्हिसा एजंटानं, अमरसिंहनं, तसंच सांगितलं होतं. "आधी सर्टिफिकेट, मग फाईल. वाजंत्री निवांत वाजवा."

आईला अख्खी गल्ली आक्का म्हणायची. आक्का म्हणाली, "सही म्हंजे लगीन व्हय? सही तर तुझा बा रोज डेअरीत करतोय." तिच्या लेखी लग्न म्हणजे अक्षता, आणि मधे अधिक महिना येत असल्यानं अक्षता अठ्ठावीस जूनला. तोवर व्हिसा येईल, शार्दूल चार दिवस येईल आणि जोडी विमानात बसेल. घाई एवढीच, की शार्दूलचं तिथलं परमिट डिसेंबरपर्यंत होतं. त्याच्या आत अनुजा पोचली तर पोचली.

मार्चमध्ये फाईल गेली. मेअखेरीस व्हिसावाल्यांचं पत्र आलं: लग्न खरं असल्याचे आणखी पुरावे पाठवा.

"घरगुती फोटो पायजेत," अमरसिंह म्हणाला. "सणवार, जावयाचा मानपान, असलं."

अधिक महिना चालूच होता. जावयाला तेहतीस अनारसे वाढायचा महिना.

"अक्षता न्हाईत, तर जावई कुठला?" आक्का म्हणाली.

"सरकारचा जावई हाय की," आण्णा म्हणाले. हे अनुजाचे वडील.

शेवटी पाटावर लॅपटॉप बसला. लॅपटॉपमध्ये शार्दूल. त्याच्या कपाळाच्या अंदाजानं आक्कानं काचेला कुंकू लावलं, ते एका डोळ्यावर गेलं. समोर तेहतीस अनारशांचं ताट.

"खा की, पावणं," आण्णा काचेला म्हणाले आणि स्वतः अकरा संपवले.

पुराव्यांची फाईल निघताना आण्णांनी एक गोष्ट आपल्या डोक्यानं केली. पहिली पत्रिका अंबाबाईपुढं ठेवली आणि दुसरी, हळदकुंकू लावून, व्हिसावाल्यांसाठी म्हणून अमरसिंहच्या हापिसात नेऊन दिली. ज्यांच्या हातात पोरीचं भलं, त्यांना आमंत्रण नको? सहकुटुंब यावे, असं त्यांनी हातानं लिहिलं. अमरसिंहच्या हापिसातल्या पोरींनी तिचं इमानदारीत भाषांतर करून फाईलला जोडलं.

एकोणीस जूनला नकार आला. अर्जदार फेब्रुवारीपासून विवाहित असल्याचं सांगते. तिचे वडील मात्र आम्हाला तिच्या जूनमधल्या लग्नाला बोलावत आहेत. तसंच, फोटोत पती दिसत नाही, संगणक दिसतो.

"मी मानानं बोलवलं की," आण्णा म्हणाले.

"परत फाईल टाकू," अमरसिंह म्हणाला.

"किती लागतील?"

"सात-आठ महिने."

डिसेंबर सहा महिन्यांवर होता. शार्दूलनं मालकाकडं रजा मागितली. मालक म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. नोकरी गेली की परमिटही गेलं.

"आक्का, कार्यक्रम रद्द कर," अनुजा म्हणाली.

"पाचशे पत्रिका गेल्यात. माणसं काय म्हणून परत पाठवू?"

अठ्ठावीसला गोरज मुहूर्त होता. कॅनडात तेव्हा सकाळ आणि शार्दूलची गोदामातली शिफ्ट. त्यानं हेल्मेटवरूनच मुंडावळ्या बांधल्या. हेल्मेट काढायला परवानगी नव्हती. अनुजाच्या दोन मामांनी लॅपटॉपपुढं अंतरपाट धरला. पाचवं मंगलाष्टक मावशीनं लांबवलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा काचेवर अनुजाला स्वतःचंच तोंड दिसलं. कॉल तुटला होता.

आक्कानं तरीही मूठभर अक्षता काचेवर टाकल्या. मग ती हमसून रडली. "झालं गं बाई लगीन. आता जावई."

"जाणार कधी मग?" शेजारच्या बाळाबाईनं स्टेजवर चढून विचारलं. तिच्यामागं एकशेचाळीस माणसांनी तेच विचारलं.

जेवून हात पुसत अमरसिंह आला. "ताई, नव्या फाईलीत लग्नाची तारीख कुठली टाकू? फेब्रुवारी टाकली तर पत्रिका आडवी येतीय. आजची टाकली तर सर्टिफिकेट."

"कुठलीपण टाका," अनुजा म्हणाली. "उत्तर डिसेंबरनंतरच येणार."

"व्हय, ते हायच," अमरसिंह म्हणाला आणि विडा घ्यायला गेला.

अनुजानं शालूची पिन काढली आणि लॅपटॉपच्या बटणांखालचे तांदूळ उकरायला बसली. शार्दूलचा फोन आला तर उचलता यायला हवा होता. त्याची शिफ्ट संपायला अजून आठ तास होते. हॉल नऊपर्यंतच होता.