‘बसली’ म्हणायची पद्धत

आमच्या वर्कशॉपमध्ये लिफ्ट वर गेली की ‘बसली’ असं ओरडायचं, ही पद्धत मीच पाडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून मला कुणी भोळा समजायला नको. त्या लिफ्टचं मला सगळं कळत होतं. न कळणाऱ्याने चूक केली तर लोक हळहळतात, कळणाऱ्याने केली तर त्याच्या तोंडात शेण घालतात. माझ्या तोंडात मात्र अजून कुणी घातलेलं नाही.

लिफ्ट म्हणजे काही मोठं गूढ नाही. दोन उभे खांब, प्रत्येकाला दोन हात, त्या चार हातांवर गाडी. बटण दाबलं की पंप तेल ढकलतो आणि गाडी वर चढते. चढताना खांबाच्या आत लॉकची खिटी एकेका दातावरून खट खट उड्या मारत जाते. हवी ती उंची आली की बटण सोडायचं, पण तिथंच थांबायचं नाही. गाडी परत दोन बोटं खाली घ्यायची, म्हणजे दोन्ही खांबांतली लॉकं दातांवर बसतात आणि गाडीचा भार तेलावरून लोखंडावर येतो. तेलाचा पाइप कधीही फुटू शकतो, लोखंड असं सहजासहजी तुटत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. म्हणून मी नियम केला की ज्याने गाडी वर घेतली त्यानेच ती लॉकवर बसवायची, दोन्ही खांबांत डोकावून बघायचं आणि मग ‘बसली’ म्हणून ओरडायचं. ते ऐकल्याशिवाय दुसऱ्याने गाडीखाली पाऊल टाकायचं नाही.

मालकाला ही सगळी थेरं वाटायची. “गाडी वर घेताय की लिलाव पुकारताय?” असं तो काचेच्या केबिनमधून विचारायचा. मी त्याला भीक घातली नाही. वर्कशॉपमध्ये माझा शब्द चालत होता आणि मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

माझा शब्द सगळ्यात जास्त मानायचा तो बारक्या, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी काडी होता म्हणून बारक्या. नंतर अंगाने असा भरला की आमच्या घराच्या दारातून वाकून यायला लागला, पण नाव काही बदललं नाही. अकरा वर्षांपूर्वी मीच त्याला या कामाला लावला. सुरुवातीला एकदा तो ‘बसली’ ऐकायच्या आत खाली शिरला, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. “मरायचं असेल तर बाहेर रस्त्यावर जाऊन मर, माझ्या लिफ्टखाली नको,” असं म्हणालो होतो. दुसरा एखादा रुसला असता. हा घरी येऊन ताईला कौतुकाने सांगत बसला की भावजी माझी किती काळजी करतात.

तीन वर्षांपूर्वी डाव्या खांबातलं लॉक झिजलं. कधी नीट बसायचं नाही, आणि बसलं तर सुटायचं नाही. मग गाडी खाली घ्यायला स्टुलावर चढून हातोडीने ठोकावं लागायचं, आणि अर्ध्या मिनिटाच्या कामाला दहा मिनिटं लागायची. ऑइल बदलायला आलेली गाडी, खाली गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं, आणि आम्ही वर ठोकतोय. हळूहळू छोट्या कामांना आम्ही गाडी लॉकवर बसवायचं सोडून दिलं. तेलावरच ठेवायची, पटकन काम उरकायचं. पण ‘बसली’ ओरडायचं मात्र सुटलं नाही, कारण ते ऐकल्याशिवाय कुणी खालीच जायचं नाही. मग मोठ्या कामांनाही तसंच व्हायला लागलं. मी सोडलं तसं बाकीच्यांनी सोडलं. बारक्याने सोडलं नाही. त्याची पाळी असली की तो स्टुलावर चढून, ठोकून, नीट बसवूनच ओरडायचा, आणि मी त्याला ‘आले आमचे हातोडीबहाद्दर’ म्हणून चिडवायचो. माझ्या हाताला ते लॉक न ठोकताच बसतं आणि सुटतं अशी त्याची समजूत होती, आणि मी ती मोडली नाही.

असं दोनेक वर्षं चालल्यावर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आला. टॉर्च घेऊन दोन्ही खांबांत बराच वेळ बघत राहिला. पाइप एका जागी फुगला होता, तो त्याने मला बोटाने दाबून दाखवला. “ह्या लिफ्टखाली मी माझा डबासुद्धा ठेवणार नाही,” तो म्हणाला आणि वापरू नये असं लिहिलेलं लाल कार्ड खांबाला बांधून गेला. मालक म्हणाला, पार्ट मागवलाय, तोवर जपून वापरा. जपून म्हणजे कसं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठवड्याभरात त्या कार्डाला आम्ही तेलाचे हात पुसायला लागलो.

हे असं दोन महिने चाललं. मग एका दुपारी गिअरबॉक्समधून तेल गळणारी एक व्हॅन आली. मी ती वर घेतली. व्हॅनचा मालक माझ्या कानाशी येऊन, किती वेळ लागेल, आजच मिळेल का, असं विचारत होता. मी त्याला उत्तर देता देता बटण सोडलं. व्हॅन खाली घेतली नाही. खांबांत बघितलं नाही. नेहमीच्या सवयीने ओरडलो, “बसली!” आणि व्हॅनच्या मालकाला घेऊन बाहेर आलो.

बारक्या पहार घेऊन खाली गेला.

आवाज आला तेव्हा मी मागे वळलो, तर तेलाचा फवारा छतापर्यंत उडत होता. पाइप फुटला होता. उजवं लॉक दातावर अडकलं, डावं अडकलं नाही, आणि व्हॅन तिरकी होऊन हातांवरून घसरली. त्या दिवशी मी गाडी बसवायला गेलो असतो तर डावं लॉक धरत नाही हे मला जागेवरच दिसलं असतं. मी आणि बाकीच्या दोन मेकॅनिकांनी मिळून जॅक लावला आणि त्याला ओढून काढलं. तो शुद्धीत नव्हता. मी त्याला सारखा ऊठ, ऊठ म्हणत होतो, आणि बाकीच्यांनी मला बाजूला केलं.

तो वाचला. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला आणि सांगितलं की कमरेखाली आता काही हलणार नाही. बायकोने विचारलं, “निदान काठी घेऊन?” डॉक्टर नाही म्हणाले. त्यांनी ते चांगल्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, पण चांगले शब्द कुठे होते.

चौथ्या दिवशी तपासणी करणारे साहेब आले. त्याच्या आत मालकाने पाइप बदलून घेतला आणि दोन्ही लॉकं नवी बसवली. दोन महिने न मिळालेला पार्ट दोन दिवसांत मिळाला. लाल कार्डही गेलं. बाकीच्या दोघांनी कानावर हात ठेवले. राहिलो मी.

“लिफ्ट लॉकवर होती?” साहेबांनी विचारलं.

“होती.”

“तुम्ही स्वतः बघितलंत?”

“बघितलं. ओरडलोसुद्धा. सगळ्यांनी ऐकलंय.”

ऐकलं होतं खरंच सगळ्यांनी. मी घाबरलो होतो. मालकाला नाही, साहेबांना नाही. घरी जाऊन बायकोला काय सांगू, याला घाबरलो होतो. साहेबांनी लिहिलं की खाली काम करताना पहारीचा जास्त जोर लागला, गाडी हातांवरून सरकली, कामगाराचा निष्काळजीपणा. तो कागद घेऊन ते हॉस्पिटलमध्ये बारक्याकडे गेले. पहार लावल्याचं त्याला आठवत होतं, त्याच्या पुढे एकदम हॉस्पिटलचं छत. त्याने कागद वाचला आणि सही केली. “भावजी बसली म्हणाले होते,” तो साहेबांना म्हणाला, “तेव्हा चूक माझीच असणार.”

आता तो आमच्या पुढच्या खोलीत असतो. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावं लागतं. एवढा मोठा माणूस, बायकोला एकटीला झेपत नाही, म्हणून मी दुपारी वर्कशॉपमधून घरी येतो. आणि आलो की त्याचं सुरू व्हायचं. पांघरुणावर दोन काड्यापेट्या उभ्या करायचा, ते खांब. मधे साबणाची डबी, ती व्हॅन. “भावजी, मी इथे उभा होतो. पहार अशी लावली. मग ती घसरली कशी? जोर किती लावला असेन मी?” रोज तेच. कधी म्हणायचा पाय चुकीच्या जागी होता, कधी म्हणायचा आधी एक नट सैल करायला हवा होता. जेवण समोर थंड व्हायचं. त्याचे पाय गेले त्याचं तो कधी बोलायचा नाही, आपलं काय चुकलं ते सापडत नाही याचंच त्याला लागलं होतं. सहा महिने तो नसलेली चूक शोधत होता, आणि खरी चूक त्याच्या उशाशी बसून त्याला पाणी पाजत होती.

शेवटी मला सहन होईना. एका सुट्टीच्या सकाळी, बायको मागे कपडे धूत असताना, मी त्याच्या हातातल्या काड्यापेट्या काढून घेतल्या.

“बारक्या, मी लिफ्ट बसवली नव्हती.”

 तो हसला. “काहीतरीच काय, भावजी.”

“नव्हती बसवली. नुसता ओरडलो. पाइप फुटला. तुझी पहार, तुझा पाय, काही काही चुकलेलं नाही.”

“तुम्ही? तुम्ही न बघता ओरडणार?” तो म्हणाला. “मला ह्याच्यावरून सगळ्यांसमोर झापलं होतंत तुम्ही. विसरलात?”

“विसरलो नाही. तरी ओरडलो. दोन वर्षं असाच ओरडत होतो.”

“पुरे आता,” त्याने माझा हात धरला. हाताला अजून तशीच ताकद होती. “मला बरं वाटावं म्हणून बोलताय, कळतंय मला. पण माझ्यासाठी स्वतःच्या तोंडाला काळं नका फासून घेऊ. तुमच्यासारखा माणूस असं करत नसतो.”

माझं डोकं फिरलं. मी त्याच्यावर ओरडलो. गाढवा, मूर्खा, माझ्यामुळे पडून आहेस तू, ऐक जरा, असं बरंच काही बोललो. खरं बोलायला शिव्या द्याव्या लागतील असं मला वाटलं नव्हतं. तो रडायला लागला, पण माझ्या बोलण्याने नाही. माझ्या दयेने.

बायको ओल्या हातांनी धावत आली. “काय झालं?”

“बघ ना ताई, भावजी माझा दोष स्वतःच्या अंगावर घेतायत.”

तिने माझ्याकडे बघितलं. चोवीस वर्षांचा संसार आहे आमचा. मी खरं बोलतो तेव्हा कसा दिसतो, हे तिला सांगावं लागत नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि मी मागोमाग गेलो.

“खरंय ना?” तिने विचारलं.

“खरंय.”

ती ओट्याला धरून उभी राहिली. मला वाटलं ती किंचाळेल, भांडं फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी हळू आवाजात बोलली.

“त्याला परत सांगायचं नाही.”

“अगं, पण तो स्वतःला दोष देतोय.”

“देऊ दे. अकरा वर्षं तो तुमच्या आवाजावर खाली गेला. आता तुम्ही ते पण खोटं म्हणून सांगणार? मग त्याने काय करायचं? पाय तर गेलेच.”

“आणि तू?”

“मला कळलं ना. मी बघते माझं.” तिने दोन कप चहा ओतला. एक बारक्यासाठी घेऊन गेली, दुसरा ओट्यावर तसाच राहिला. माझ्या हातात तिने दिला नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, तेही बारक्या ऐकत असला तर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिने तरी कुणाला सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो होतो, तर बारक्याने हाक मारली. त्याचे डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर मी सहा महिन्यांत बघितला नव्हता असा हुरूप होता.

“भावजी, सापडलं. तुम्ही काल एवढं मनाला लावून घेतलंत, तेव्हा म्हटलं आता काय ते शोधलंच पाहिजे. पहार मी उजव्या हाताने लावली होती. त्या जागेवरून उजव्याने लावली की सगळा जोर बाजूला जातो, गाडी ढकलली जाते. डाव्याने लावायला हवी होती. तिथेच चुकलं माझं. बरोबर ना?”

व्हॅन तेवढ्याने हलत नसते. कुठल्याही हाताने लावा, हलत नसते. बायको त्याचं अंग पुसायला गरम पाणी घेऊन दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

“बरोबर,” मी म्हणालो.

“वाटलंच मला.” त्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. “सुटलो एकदाचा. ताई, भूक लागलीय गं, काहीतरी दे.”

बायको पाण्याचं भांडं खाली ठेवून लगबगीने आत गेली. मी चपला घातल्या आणि कामाला गेलो.