कृपया

“यात ‘कृपया’ कुठाय?” साहेबाने कागद परत सरकवला.

टायपिस्टबाईंनी तो उचलला. एकतीस वर्षांत त्यांनी सहा साहेब पाहिले होते. आरडाओरडा करणारे, खुर्चीत डुलक्या काढणारे. पण शिष्टाचाराचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेला हा पहिलाच. आल्या आल्या त्याने प्रत्येक कागदावर ‘कृपया’ घालायचं फर्मान काढलं. जिन्यातल्या ‘थुंकू नये’च्या पाटीवरही. स्वतः मात्र शिपायाला ‘ए’ म्हणून हाक मारायचा. त्याच्या तुळतुळीत हसण्याची बाईंना शिसारी येई.

त्यांनी शब्द घातला. ‘कृपया एक तारखेपासून कामावर येऊ नये.’ कागद झाडलोट करणाऱ्या मावशींसाठी होता; साफसफाई आता ठेकेदाराकडे जायची होती.

“तिला तुम्हीच द्या,” साहेब म्हणाला. “बायकाबायकांत बरं पडतं.”

मावशी एकोणीस वर्षं तिथली फरशी पुसत होत्या. आताही पुसतच होत्या.

“मला कुठलं वाचता येतंय, बाई? तुम्हीच वाचा.”

बाईंनी वाचलं. मावशींनी फडक्याच्या काठीवर दोन्ही हात टेकले.

“येऊ नये, ते कळलं. त्याच्या आधीचं काय?”

“कृपया. म्हणजे... मेहरबानी करून.”

“कुणी करायची?”

बाईंनी हजारो वेळा हा शब्द टाइप केला होता. असं कुणी विचारलं नव्हतं. “तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“मी? साहेबांवर?”

मावशी तडक केबिनमध्ये गेल्या. “साहेब, माझ्याकडे मेहरबानी मागितलीत म्हणे. मला नाही जमायची. रिटायर व्हायला माझी दोन वर्षं राहिलीत अजून.”

“अगं, ती लिहायची पद्धत असते! कोण विनंती करतंय तुला?”

“मग खोटं कशाला लिहिता?”

साहेबाचं हसू कुठल्या कुठे गेलं. “बाई! काढा तो शब्द आधी!”

बाईंनी काढला. ओळ केवढीशी उरली. आजवर साहेबांनाच नावं ठेवत आलेल्या बाईंना आज आपल्याच बोटांची किळस वाटली. कागद त्यांनी साहेबासमोर ठेवला. “हा तुमच्या हाताने द्या.”

त्याला तो द्यावाच लागला. मावशींनी घडी करून पिशवीत ठेवला आणि काठी उचलली. निम्मा पॅसेज राहिला होता.

सुटायच्या वेळी साहेब बॅग घेऊन दाराशी आला.

“ओलंय. थांबा,” मावशी मान वर न करता म्हणाल्या.

साहेब थांबला. बॅग या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. मावशी कोपरा न् कोपरा सावकाश पुसत होत्या.