चोकच्या बटणावरची गादी

"प्लग पुन्हा काळा! काका, तुमची गाडी काजळ घालून निघाली आहे!"

जयतीर्थकाका हसले नाहीत. एरवी हसले असते. वेण्णार नदीच्या पुलाजवळ बॉनेट उघडून, धोतर खोचून ते इंजिनात वाकले होते.

"काळा म्हणजे काय ते तुज कोण सांगितलं?"

"यूट्यूब. पेट्रोल जास्त जातंय."

"सेरी, बरं. मग त्या यूट्यूबालाच ढकलायला बोलाव."

मी अकरावीत आहे, भाषणात पहिली आले आहे, त्यामुळे असल्या टोमण्यांनी गप्प बसत नाही. पण त्या दिवशी मी नुसतं फडकं पुढे केलं.

गाडीच्या मागच्या हौद्यात गोधड्यांत गुंडाळलेली वीणा होती. काकांचा जन्म त्यातच गेला. तंजावरच्या कारागिरांकडून वीणा उचलायची आणि पापनाशम, ओरत्तनाडु, तिरुवैयारु, जिथली असेल तिथे ओरखडा न पडता पोचवायची. लग्नापासून हिराकाकू शेजारी बसून मागच्या काचेतून वीणेवर लक्ष ठेवायची. गेल्या महिन्यात काकू गेली. तिच्यानंतरची ही पहिली खेप, आणि तिच्या जागेवर मी.

सकाळी त्यांच्या मुलाने, वरुणदादाने, बजावलंच होतं, "आज वाटेत थांबली तर गाडी विकायची, अप्पा. या वयात रस्त्यावर ताटकळणं नको."

"माझी गाडी कधी थांबली आहे काय रे?"

खरंच थांबली नव्हती. काका हे सगळ्या गावाला ऐकवायचे, आणि काकू पदराआड हसायची.

प्लग पुसला, फिल्टर फुंकला, पॉइंट घासले. गाडी सुरू झाली. थोडं अंतर गेलो तोच पुन्हा थरथर, आचके, मागे काळा धूर.

तेवढ्यात खड्डा आला आणि माझा गुडघा समोरच्या बटणावर आपटला. लगेच इंजिन शांत झालं. अगदी तंबोरा जुळल्यासारखं. गुडघा काढला, पुन्हा आचके. लावला, शांत.

"काका, चोक! चोकचं बटण आपोआप बाहेर येतंय!"

इंजिन थंड असताना चोक ओढायचा आणि तापलं की आत ढकलायचा. बाहेर राहिला तर पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरतं.

"मी शोधलं! मी!" मी टाळ्याच वाजवल्या. "एक क्लिप लावली की झालं!"

काका बटणाकडे बघत होते. त्यावर काकूने जुन्या रेशमी पट्टुसाडीची इवलीशी गादी शिवली होती. रिमोटला झालर लावणारी बाई, आम्हाला त्यात नवल वाटलं नव्हतं. उलट चिडवलंच होतं, गाडीला कुंची घातली म्हणून. ती गादी मधोमध दबून खोलगट झाली होती.

माझे हात तसेच राहिले.

तिच्याबरोबर कितीदा तरी आले होते मी. दर वेळी काका म्हणायचे, "हिरा, नीट बैस! काय ते वाकडं बैसणं! म्हणून तर गुडघा दुखतो तुजा."

"मज असंच बरं वाटतं," काकू म्हणायची. आणि घरी आल्यावर पाय पसरून तेल चोळत बसायची.

तिरुवैयारुला वीणा पोचली. ओरखडा नाही. तिथल्या लोकांनी दिलेली कॉफीही न पिता काका परत फिरले.

येताना मी गुडघा घट्ट लावून बसले होते. वेण्णारचा पूल येईपर्यंत पाय बधिर झाला, पण मी हलले नाही. गाडी छान चालली होती.

"साई," काका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "नीट बैस."

"बंद पडेल, काका."

"पडू दे. दुखेल गं."

मी गुडघा काढला. बटण हळूहळू बाहेर सरकलं. आचके आले, धूर आला. काकांनी पूल संपताच गाडी कडेला घेतली. ती स्वतःच थांबली.

त्यांनी फोन लावला. "वरुणा, ये. गाडी थांबली." दादा पलीकडून काहीतरी विचारत होता. "नाही, दुरुस्त काही करायचं नाही."

मग काकांनी बटणावरची गादी अलगद काढली, झटकली, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. किल्ली गाडीलाच राहू दिली.