कपड्यांची तार

"उतार स्वयंपाकघराकडे होता," वेतवाला म्हणाला आणि मैदानाचा नमुना करायला ट्रेमध्ये थापलेली कणीक त्याने तळहाताने डावीकडे दाबली.

"खुळा आहेस का? उतार कुंपणाकडे होता." बाईंनी ती पुन्हा उजवीकडे रेटली. "रोज त्या उतारावरून पळायचे मी. मला नको सांगूस."

"मग मी काय तिथं बसून मुंग्या मोजायचो?"

"भांडा," टेबलाच्या तिसऱ्या बाजूने वकील म्हणाला. तो मघापासून बिस्किटं संपवत होता. "सुनावणीतही असंच भांडा. तिघांनी तीन मैदानं सांगितली की साहेब हसत हसत फाइल बंद करतील."

तिघंही साठीच्या पुढची. तिघंही लहानपणापासून एकाच अंधशाळेच्या वसतिगृहात वाढलेली. बाई नंतर सरकारी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. डॉक्टरांनी 'हॅलो' म्हणायच्या आत त्यांच्या नुसत्या श्वासावरून त्या माणूस ओळखायच्या. वेतवाला वेताच्या खुर्च्या विणायचा, अजूनही विणतो. वकिलाला एका डोळ्याने थोडं दिसायचं, म्हणजे सावल्या आणि रंग. म्हणून शाळेत सगळे त्याला अर्ध्या म्हणायचे. वेतवाला काडीसारखा, म्हणून तो पैलवान. आणि बाई एका जागी ठरायच्या नाहीत, म्हणून भिंगरी. बाहेरच्या जगात ही नावं कुणाला ठाऊक नव्हती. तिघं जमली की मात्र दुसरं नाव तोंडात यायचंच नाही.

भांडण होतं ते शाळेमागच्या मैदानाचं. संस्थेला तिथे दुकानांचे गाळे उभे करायचे होते. मुलांच्या खेळण्याच्या जागेवर बांधकाम करता येत नाही, असा नियम. म्हणून संस्थेने सरकारला लिहून दिलं की तिथे मैदान कधी नव्हतंच. ती कपडे वाळत घालायची जागा होती. पुढे एक वाक्य होतं, 'अंध विद्यार्थ्यांना मोकळ्या मैदानाची गरज नव्हती.'

बाईंच्या मुलाने ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. त्याने पुन्हा वाचलं. बाईंनी भाजीचं ताट बाजूला सरकवलं आणि हरकत घ्यायची म्हणून बाकी दोघांना फोन लावला.

गंमत अशी, की संस्थेचं म्हणणं धडधडीत खोटं नव्हतं. तिथे दोन लोखंडी खांब होते आणि त्यांच्यामध्ये लांबलचक तार. सकाळी साऱ्या वसतिगृहाचे कपडे तिच्यावर वाळायचे. मोठ्या मुलांनी त्या तारेत एक कडी अडकवली होती, कडीला दोरी. दुपारी कपडे उतरवले की दोरीचं टोक मुठीत धरायचं आणि पळायचं. कडी तारेवरून किर्रर्र करत सोबत यायची. अंगावर काही येणार नाही, वाट चुकणार नाही, कुणाचा हात धरावा लागणार नाही. मुख्याध्यापकांनी ती कडी कितीदा काढून फेकली. कितीदा नवी आली.

बाई शाळेत आल्या तोवर कधी पळाल्याच नव्हत्या. घरी आई म्हणायची, बस. आजी म्हणायची, पडशील, बस. काका कडेवर उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवायचा, कळशी ठेवावी तसा. वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या मुलीने त्यांच्या मुठीत दोरी दिली आणि पाठीवर थाप मारली. तोंडावर वारा येतो म्हणजे काय, ते त्यांना त्या दुपारी कळलं.

"थांबा जरा," वकिलाने एकदम बिस्कीट खाली ठेवलं. "भिंगरे, तू पळायला कुठून सुरुवात करायचीस?"

"मुलींच्या खोल्यांकडून. म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूने."

"आणि तू रे?"

"कुंपणाकडून," वेतवाला म्हणाला. "मुलांची बाजू तीच ना. पार दम निघायचा..." तो मध्येच थांबला. "मला चढ लागायचा."

"म्हणजे उतार कुंपणाकडेच! मी काय बोंबलतेय मघापासून?"

"अगं, पण पोरींना उतार आणि आम्हाला चढ? हा कुठला न्याय?"

"इतक्या वर्षांनी तक्रार कर आता," वकील म्हणाला, आणि तिघंही इतकी हसली की मुलगा आतल्या खोलीतून बघायला आला.

वकील स्वतः कधी पळाला नव्हता. त्याला दिसतं म्हणून त्याला खांबाशी उभं करायचे. पळणारा जवळ आला की 'थांब!' म्हणून ओरडायचं, एवढंच त्याचं काम. "सगळ्यांची तोंडं आठवतात मला," तो म्हणाला. "नीट नाही, धुरकट. पण येताना तुम्ही सगळे हसत असायचात. मला वाटायचं, च्यायला, थोडं कमी दिसलं असतं तर बरं झालं असतं."

बाईंनी चाचपून बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

सुनावणी मैदानाच्या जागेवरच होती. अधिकारी तरुण असावा. आवाज सर्दीने बसलेला. संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांचा आवाज मऊ, साखरेत घोळल्यासारखा.

"ही आमचीच मुलं आहेत साहेब," अध्यक्ष म्हणाले. "भावना आम्ही समजू शकतो."

"मी दोन नातवंडांची आजी आहे," बाई म्हणाल्या. "मुलं कुणाला म्हणताय?"

अध्यक्षांनी एक जुना फोटो पुढे केला. वकिलाने तो अगदी नाकाला लावून पाहिला आणि परत दिला. फोटोत तार होती, तारेवर ओळीने चादरी होत्या. पळणारं कुणी नव्हतं.

"दुपारचा फोटो नाही का एखादा?" अधिकाऱ्याने विचारलं.

"देणगीदारांना दाखवायचे फोटो ते," वेतवाला म्हणाला. "त्यात आम्ही टोपल्या विणायचो, नाहीतर रांगेत उभे राहायचो. पळताना कोण काढणार?"

"खांब कुठे होते, दाखवता येईल?"

तिघांनी प्रयत्न केला. पण जमीन आता त्यांची राहिली नव्हती. कुणीतरी विटांचे तुकडे आणून टाकले होते, मध्येच चर खणला होता. स्वयंपाकघर पाडलेलं, त्यामुळे आवाजही ओळखीच्या भिंतीवर आपटून परत येत नव्हता. वेतवाल्याने काठीने बराच वेळ ठोकून पाहिलं. बाईंनी चप्पल काढून माती चाचपली. उतारसुद्धा कुणीतरी भरून टाकला होता.

"नाही सापडत," बाईंनी शेवटी सांगून टाकलं.

अधिकारी अवघडला. "बाई, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण नुसत्या आठवणीवर मी काय लिहू? आणि खरं सांगू का, माझ्या डोळ्यांसमोर चित्रच येत नाही. दिसत नसताना मुलं पळायची म्हणजे कशी?"

"पैलवान," बाई म्हणाल्या, "त्या टोकाला जा. आणि टाळ्या वाजव."

"भिंगरे, खाली विटा आहेत."

"ठाऊक आहे. आत्ताच पाय ठेचलाय. तू जा."

वेतवाल्याची काठी टकटक करत लांब गेली. वकील कुणी न सांगताच त्याच्या मागोमाग गेला. बाईंनी पदर कमरेला खोचला. मुलाने त्यांचं कोपर घट्ट धरलं. "आई, हे काय चाललंय? हाडं मोडून घेशील. सांभाळून..."

"सांभाळूनच सगळा जन्म गेला माझा. सोड हात."

त्याने सोडला नाही. बाईंनीच तो सोडवून घेतला.

टाळी ऐकू आली. बाई पळाल्या. आंधळ्या माणसाचे असतात तसे हात पुढे नव्हते. दोन्ही बाजूंना मुठी वळलेल्या. पहिली पावलं जड पडली, मग पाय मोकळे झाले. चराच्या कडेला त्यांचा पाय मुडपला आणि त्या तोंडावर आपटल्या. मुलगा धावला. अधिकारी धावला.

"हात लावू नका कुणी!" बाई ओरडल्या. "आणि तू टाळी का थांबवलीस रे? वाजव!"

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आता दोघांच्या. बाई उठल्या, चर ओलांडला आणि पुन्हा पळत सुटल्या. शाळेच्या नव्या इमारतीतली मुलं आवाज ऐकून खिडक्यांशी गोळा झाली होती. काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे; पण त्या खिडक्यांमधूनही टाळ्या यायला लागल्या, आणि बाईंना क्षणभर कळेना की जायचं कुठे.

"थांब!" वकील गळा फाटेस्तोवर ओरडला.

बाई थांबल्या. पैलवानाच्या छातीपासून हातभर अंतरावर. गुडघ्यातून रक्त येत होतं, श्वास पुरत नव्हता. "अशी," मागे वळून त्या म्हणाल्या, अधिकाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "अशी पळायची मुलं."

अधिकाऱ्याने नाक शिंकरलं.

निकाल यायला बरेच महिने गेले. वकिलाने तो फोनवर सांगितला. रस्त्याकडच्या अर्ध्या जागेवर संस्थेला बांधता येईल. मागची अर्धी जागा मुलांची, तिला कुणी हात लावायचा नाही.

"अर्धं मिळालं म्हणायचं," तो म्हणाला.

"अर्धं गेलं म्हण," बाई म्हणाल्या. "पुढे अर्ज करता येतो का?"

"येतो. पण वेळ लागेल. आपण असू का तोवर?"

"तू अर्ज लिही."

अर्ज गेला. दरम्यान दुकानांची मागची भिंत उभी राहिली. उरलेल्या जागेत वेतवाल्याने दोन खांब रोवून घेतले आणि त्यांच्यामध्ये नवी तार ताणली. कडी त्याने स्वतः घडवली. पहिल्या दिवशी शाळेतली मुलं रांग लावून उभी होती, कलकलाट चालला होता. पण दोरी आधी बाईंच्या हातात द्यायची, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं.

बाई पळाल्या. कडी किरकिरली, तोंडावर वारा आला. पायांना सवयीने वाटलं, आत्ता कुठे सुरुवात झाली. तेवढ्यात कडी खांबाला आपटली. पायांना अजून बरंच पळायचं होतं.

त्यांनी हात पुढे केला. ओल्या सिमेंटची गार भिंत तळव्याला लागली. पलीकडे कुणीतरी शटर वर ओढत होतं. बाई थोडा वेळ भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. मग दोरी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, भिंतीकडे पाठ केली आणि पुन्हा पळायला लागल्या.