दादाचा टोमॅटो

गच्ची गळायला लागली म्हणून मिस्त्रीला बोलावलं. तो वर जाऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, वर काय शेती काढलीय का? माती उतरवा सगळी. महिनाअखेरीला मी काम सुरू करतो. नंतर परत ठेवायच्या तर कठड्यालगत चार कुंड्या. पाचवी ठेवलीत तर गळतीसाठी मला फोन करू नका."

आमच्याकडे तेव्हा दहा कुंड्या होत्या आणि पाच जातींचे टोमॅटो. एका जातीचं एकच रोप भरवशाचं नसतं, कीड पडली की वर्ष वाया, म्हणून प्रत्येकाची दोन-दोन लावायची आमची पद्धत. म्हणजे चार कुंड्यांत दोन जाती. बाकीच्या तिघांनी घर सोडायचं.

आता ही गोष्ट चार माणसांच्या घरात ठरवायची म्हणजे सोपं काम नव्हे. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवतात. आयुष्यभर पोरांच्या वेड्यावाकड्या चित्रांना "छान आहे" म्हणून म्हणून यांची जीभ तशीच वळली आहे. यांचा टोमॅटो काळपट, जांभळ्या झाकेचा. तो चवीसाठी नाही, रंगासाठी लावला होता. धाकटे दीर लिफ्टचे मेकॅनिक. त्यांनी नर्सरीतून गोल लाल रोपं आणली होती, कारण टोमॅटो म्हटला की तो गोल आणि लाल असतो, पुढे चर्चा नाही. धाकटी जाऊ बेकरीत पिठाच्या विभागात आहे. तिची जीभ घरात सगळ्यांत तिखट आणि सगळ्यांत खरी. तिचा टोमॅटो पिवळा. शिवाय एक जात मण्यांएवढ्या फळांची होती, येता-जाता तोंडात टाकायची.

आणि पाचवा दादाचा.

दादा माझा मोठा भाऊ. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. घरामागच्या वीतभर जागेत तो वर्षानुवर्षं एकच टोमॅटो लावायचा. चपटा, घड्या पडलेला, देठाशी हिरवाच राहणारा. जात कुठली म्हणून विचारलं तर म्हणायचा, "टोमॅटो." चार वर्षांपूर्वी तो गेला. घर विकलं गेलं, घेणाऱ्याने मागच्या जागेवर फरशी घातली. त्याआधी मी तिथून चार फळं आणून बी धरलं होतं. दादाच्या हातचं जिवंत असं काही उरलं असेल तर ते आमच्या गच्चीवर. ते गेलं असतं तर माझ्यासाठी दादा दुसऱ्यांदा गेला असता. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी मीच म्हटलं, "चव ठरवेल. ज्याची चव चांगली तो राहील." मी निर्धास्त होते ना. चार वर्षं प्रत्येक जेवणाला ऐकत होते, "दादांच्या टोमॅटोला तोड नाही." हे म्हणायचे, भाऊजी म्हणायचे, धाकटीसुद्धा मान हलवायची.

परीक्षा कशी घ्यायची हे मी ठरवलं, कारण माझा धंदाच तो. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर एक भिंग काढायचं, दुसरं घालायचं, आणि विचारायचं, "आधीचं स्पष्ट होतं की हे?" एकदम पाच भिंगं दाखवली तर माणूस गोंधळतो. दोन-दोनच दाखवायची. दुसरं म्हणजे लोक डोळे तपासताना खोटं बोलतात. मुद्दाम नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणून, नापास होऊ नये म्हणून. म्हणून मी मधेच एकच भिंग काढून परत तेच घालते. "आता बरंच सुधारलं," असं म्हटलं की समजायचं, हा गृहस्थ आपल्याला खूश करतोय. माझ्यापासून कुणी सुटत नाही, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती.

रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडामांड केली. फळं सकाळीच उतरवलेली. भाऊजींनी ती फ्रिजमध्ये ठेवली होती, ती मी बाहेर काढून त्यांना चार शब्द सुनावले. गारठलेल्या टोमॅटोला चव नसते. मीठ नाही. दोन फोडींच्या मधे पावाचा तुकडा आणि घोटभर पाणी. डोळ्यांवर पट्टी. आपापली जात आपण कापायची नाही.

पहिल्यांदा मीच बसले. धाकटी फोडी देत होती. पहिल्या जोडीत मी लगेच निवाडा दिला, "दुसरा. पहिला नुसता गोड आहे, मण्यांचा असणार." दुसऱ्या जोडीत एक फोड दाट, थोडी खारट लागली. तिच्याबरोबरची दुसरी तोंडात घेतली आणि माझा चेहराच बदलला असावा.

"हा पाणचट आहे," मी म्हटलं. "भाऊजी, हा तुमचा ना? नर्सरीवाल्याने तुम्हाला टोपी घातली. हा टोमॅटो नाही, टोमॅटो बुडवून काढलेलं पाणी आहे. याला आधी काढा."

कुणी काही बोललं नाही. भाऊजी असा वार झेलून गप्प बसणारे नव्हेत. मी पट्टी वर केली. धाकटीच्या हातातल्या बशीत चपट्या, घड्यांच्या फोडी होत्या.

"परत दे," मी म्हटलं. डोळे उघडे ठेवून खाल्ली. पाणचटच होती. डोळे उघडे असताना ती इतके दिवस मला गोड कशी लागत होती, कुणास ठाऊक.

मग मी जी सुरू झाले ती थांबेना. "म्हणजे चार वर्षं तुम्ही सगळे माझ्या तोंडावर खोटं बोलत होतात? तोड नाही म्हणे. मी काय लहान मूल आहे?"

"अगं, वाईट असा नव्हता," हे म्हणाले. "आपल्या परीने छानच होता."

"तुम्ही तर बोलूच नका."

धाकटीने बशी खाली ठेवली. "ताई, चार वर्षं नाही. पहिल्या वर्षी खरंच छान होता. तुम्ही तेव्हा दादांच्या घराच्या कामात धावत होतात, त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. दुसऱ्या वर्षापासून बिघडला."

"का बिघडला?"

"राग येईल तुम्हाला."

"आलेलाच आहे. बोल."

"तुम्ही त्याला सकाळी पाणी घालता. दुकानातून आलात की परत घालता. आठवड्याला खताचं पाणी. माझ्या पिवळ्याला मी पान मान टाकेपर्यंत बघत नाही. पिठात पाणी जास्त झालं की पाव फुगतो, पण चव जाते. तुम्ही त्याला बुडवलाय, ताई."

मला ते लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. दादाच्या आजारपणात मी काय काय केलं नाही. सूप नेलं, उशा बदलल्या, डॉक्टरांशी भांडले, आणि कशाचाही उपयोग झाला नाही. या झाडाला मात्र पाणी घातलं की तासाभरात पानं उभी राहायची. मला तेवढं पुरत होतं. फळ कसं लागतं हे मी कधी नीट पाहिलंच नाही.

मिस्त्री यायला अजून दहा-बारा दिवस होते. धाकटी म्हणाली, "एक आठवडा पाणी तोडा. मग परत चाखू. आज कुणाचाच निकाल नाही." आणि माझ्यावर विश्वास नसल्यासारखी झारी घेऊन बेकरीत गेली.

तो आठवडा काय सांगू. तिसऱ्या दिवशी पानं लोंबायला लागली. चौथ्या दिवशी दुपारी दुकानात एका बाईंना मी एकच भिंग तीनदा दाखवलं, कारण माझं लक्ष गच्चीवर होतं. घरी आले की वर जायचं, कुंडीत बोट खुपसायचं, कोरडी माती लागली की बोट काढायचं आणि खाली यायचं. जेवताना मी कुणाशी बोलत नव्हते.

शनिवारी वर गेले तर आमचे हे दादाच्या कुंडीपाशी उकिडवे बसलेले. हातात रंगाचे कुंचले धुवायचा डबा, काठोकाठ पाण्याने भरलेला.

"काय करताय?"

"काही नाही." मग डबा लपवायला जागा नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "अगं, तुझं तोंड बघवत नाही. थोडंसं घालतो. कुणाला कळणार नाही."

मी डबा त्यांच्या हातातून ओढून घेतला. निम्मं पाणी त्यांच्या विजारीवर सांडलं. "मला कळेल," मी म्हटलं. "उद्या परत तुम्ही म्हणाल छान आहे, आणि मी परत वर्षभर तेच खात बसेन. माझ्यावर एवढी माया नका करू." ते ओल्या विजारीने तसेच बसून राहिले आणि मी उरलेलं पाणी मण्यांच्या झाडाला ओतलं. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की यांना मी जे बोलले ते गेली तीन वर्षं ते झाड मला बोलत होतं.

रविवारी पुन्हा टेबल. दादाची फळं या वेळी लहान होती, साल जाड, एक तर तडकलेलं. या वेळी आम्ही सर्वांनी पट्टी बांधून चाखायचं ठरवलं, एकामागून एक, आणि प्रत्येकाने आपले दोन सांगायचे. बशी कुणाची हे आधी बोलायचं नाही.

माझ्या तोंडात तिसरी फोड पडली तेव्हा मला विचार करावा लागला नाही. आधी आंबट, जिभेच्या कडांना झोंबणारा. मग थांबून, जरा उशिराच, गोडी. दादाच्या मागच्या दारात उभं राहून, रस कोपरापर्यंत ओघळत, आम्ही दोघं भांडत भांडत खायचो तो हाच. मी जाड सालसुद्धा चघळून गिळली. मग म्हटलं, "हा दादाचा. माझा एक हा. दुसरा काळपट."

काळपटाला सगळ्यांची मतं पडली. रंगासाठी लावलेला टोमॅटो पहिला आला यावर ह्यांचाच विश्वास बसेना. दुसऱ्या जागेसाठी भाऊजींनी दादाचा सांगितला, स्वतःच्या गोल लालला सोडून. धाकटीने पिवळा सांगितला. म्हणाली, "माझा आहे हे ओळखलं मी, पण चांगलाही आहे, त्याला माझा इलाज नाही." आपला तो बाब्या म्हणावं तर तिच्या तोंडून ते पटत होतं.

म्हणजे माझं आणि भाऊजींचं दादाला, धाकटीचं पिवळ्याला. राहिले आमचे हे. त्यांनी दादाचा म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. पिवळा म्हटलं तर बरोबरी, आणि मग एक फोड आणखी, असं ठरलेलं.

त्यांनी पट्टी बांधून दोन्ही फोडी खाल्ल्या. पाव खाल्ला. परत खाल्ल्या. "पहिला," ते म्हणाले. पहिला पिवळा होता. नियमाप्रमाणे बशा फिरवून मी परत दिल्या. बरोबरी झाली की ज्यांची स्वतःची जात शर्यतीत नाही त्यांनीच परत चाखायचं ठरलं होतं, म्हणून आता भाऊजीही बसले. हे म्हणाले, "दुसरा." भाऊजी बराच वेळ चघळत राहिले. "खरं सांगू? या खेपेला मलाही दुसराच. तो आंबट आहे तो रोज नाही खाववणार." दुसरा पिवळाच होता.

यांनी पट्टी काढली आणि माझा चेहरा पाहिला. "थांब," ते घाईने म्हणाले, "मी नीट चाखलाच नाही, परत एकदा..."

"नाही," मी म्हटलं. "झालं ते. लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही एखाद्या गोष्टीला छान नाही म्हणालात. ते मी वाया घालवणार नाही. पिवळा आणि काळपट राहतील. दादाच्या कुंड्या खाली उतरवू. बी सुकवून ठेवते, कुणाकडे जागा असली तर लावेल. नाहीतर नाही."

धाकटी म्हणाली, "ताई, मी पिवळ्याची एक कुंडी देते." मी मान हलवून नको म्हटलं.

मग भाऊजींनी दादाच्या उरलेल्या फोडीकडे बघत तोंड वाकडं केलं. "वहिनी, राग मानू नका. पण हा टोमॅटो अगदी तुमच्या भावासारखा आहे. दादांकडे गेलं की पहिली दहा मिनिटं नुसती बोलणी खायची. चहा त्यानंतर."

ह्यांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. दादा गेल्यापासून आमच्या घरात त्याच्याबद्दल वावगा शब्द निघाला नव्हता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर मात्र ती अशी जाते की माणूसच ओळखू येत नाही. चार वर्षं सगळे मला सांगत होते, दादा किती प्रेमळ, दादा किती शांत. आणि मी मान हलवत होते, त्या कुणा शांत, प्रेमळ माणसासाठी दोन वेळा पाणी घालत होते.

"दहा मिनिटं?" मी म्हटलं. "तुम्ही पाहुणे होतात म्हणून. मला तासभर. पत्त्यांत लबाडी करायचा तो. सातवीत माझं कंपासपेटीतलं कर्कटक विकून त्याने पतंग आणला आणि शपथेवर सांगितलं की मीच हरवलं. चपला कधी बाहेर काढायचा नाही. मी आजारपणात सूप नेलं तर एक चमचा घेऊन म्हणाला, 'हे आजाऱ्याला देतात की आजारी पाडायला देतात?'"

भाऊजी हसले, धाकटी हसली. मीही हसायला लागले. आणखी एक सांगायचं होतं, तोंड उघडलंही, पण दादा मला एकदम इतका खराखुरा आठवला की पुढचं बोलता येईना. चार वर्षांत मी त्याच्यासाठी अशी रडले नव्हते. कुणी मला गप्प केलं नाही. हे शेजारी येऊन बसले, आणि या वेळी तेही काही छान बोलले नाहीत.